नाईट कधी थांबवायचे, दुसरं काही कधी काढायचं

एज ऑफ एम्पायर्स टू हा कॉम्प्युटरवरचा लढाईचा गेम खेळणाऱ्या कुणालाही विचारा, पाइकवर काय चालतं, तो झोपेतसुद्धा सांगेल. पाइकवर (भालेवाल्यावर) आर्चर (धनुर्धारी), आर्चरवर स्कर्मिशर (लांबून भाला फेकणारा), स्कर्मिशरवर नाईट (चिलखती घोडेस्वार) आणि नाईटवर परत पाइक. 1999 साली गेम आला तेव्हापासून हे चक्र आहे, 2019 च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्येही तेच आहे. हे तोंडपाठ असलेली माणसंसुद्धा हरतात, कारण सैन्य बदलायची वेळ चुकते. काही जण फार उशिरा बदलतात. त्याहून जास्त जण फार लवकर बदलतात, तेही अर्धवट. मला सांगायचंय ते या वेळेबद्दल.

मी बेळगावात उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सीएनसी सेटर आहे, राहायला अनगोळला. आमचा खेळणारा गट जिल्हाभर पसरलाय: भाचा खानापुरात, एक दोस्त निपाणीत, एक गोकाकचा. गोकाकवाला कन्नड, आम्ही मराठी, आणि कुणावर रेड आली की सगळेच ‘बंदरु, बंदरु’ (आले, आले) म्हणून ओरडतो. पावसाळ्यात खानापूरची लाइट गेली की भाच्याचा गेम तिथंच थांबतो. मग बाकीचे आम्ही रेकॉर्ड झालेले जुने गेम लावून बसतो, दोन्ही बाजूंनी बघतो. खाली जे लिहितोय त्यातलं बरंचसं तिथून आलंय, कारण खेळताना समोरच्याचं काय चाललं होतं हे कळत नाही, रेकॉर्डिंगमध्ये सगळं उघडं पडतं.

आधी खर्च समजून घ्या. तुम्ही कॅसल एजमध्ये, म्हणजे गेमच्या चार टप्प्यांतल्या तिसऱ्यात, दोन स्टेबलमधून (घोडदळाच्या इमारतींतून) नाईट काढताय. एक नाईट 60 फूड, 75 गोल्ड. समोर पाइक दिसायला लागले. एक पाइक 35 फूड, 25 वूड, गोल्ड शून्य. घोड्यावरच्या युनिटवर त्याचा 22 चा जादा मार आहे, साधा नाईट पाच घावांत खाली येतो. तुम्ही ठरवलं, क्रॉसबोवर, म्हणजे आर्चरच्या पुढच्या प्रकारावर जायचं. क्रॉसबो 25 वूड, 45 गोल्ड, स्वस्तच वाटतो. पण त्याच्या आधीचं बिल बघा. दोन आर्चरी रेंज (आर्चर काढायच्या इमारती), प्रत्येकी 175 वूड. क्रॉसबोचं अपग्रेड 125 फूड, 75 गोल्ड. ब्लॅकस्मिथमध्ये (हत्यारं-चिलखत सुधारायच्या इमारतीत) बाणांची दोन: फ्लेचिंग 100 फूड, 50 गोल्ड; बॉडकिन 200 फूड, 100 गोल्ड. चिलखताची दोन: पॅडेड 100 फूड, लेदर 150 फूड आणि 150 गोल्ड. बेरीज करा: 350 वूड, 675 फूड, 375 गोल्ड. या गोल्डमध्ये पाच नाईट आले असते, आणि मैदानात अजून एकही क्रॉसबो नाही. (पॅच येतात तसे आकडे थोडे हलतात. बटणावर माउस नेऊन आपल्या गेममध्ये बघून घ्या.)

सगळेच बदल इतके महाग नसतात, आणि इथंच लोक लक्ष देत नाहीत. फोर्जिंग, आयर्न कास्टिंग, ब्लास्ट फर्नेस ही तिन्ही अपग्रेड घोडदळालाही लागू आणि पायदळालाही. म्हणजे नाईटवाल्यानं पायदळ घेतलं तर माराचे पैसे आधीच भरलेले असतात, फक्त चिलखत नवं करावं लागतं. आर्चरवरून स्कर्मिशरवर गेलात तर मार, चिलखत आणि इमारत तिन्ही तीच. नाईटवरून लाइट कॅव्हलरीवर (हलक्या घोडदळावर) किंवा उंटांवर गेलात तर स्टेबल तेच, ब्लडलाइन्स आणि हजबंड्री ही घोडदळाची अपग्रेडही तीच. सगळ्यात महाग उडी नाईटवरून आर्चरवर किंवा उलट, कारण त्या दोघांत सामाईक काहीच नाही. माझी पद्धत अशी की सामाईक अपग्रेडवाला बदल नुसती शंका आली तरी करावा. काहीच सामाईक नसलेला बदल मात्र पक्की खात्री झाल्याशिवाय करू नये.

खात्री करायची तर समोरच्याच्या सैन्याकडे कमी आणि त्याच्या व्हिलेजरांकडे (काम करणाऱ्या माणसांकडे) जास्त बघा. सैन्य म्हणजे त्यानं दोन मिनिटांपूर्वी काय ठरवलं होतं ते. व्हिलेजर म्हणजे पुढच्या दोन मिनिटांत काय येणार ते. वूड आणि गोल्डवर गर्दी असेल तर आर्चर येणार. शेतं भरलेली आणि गोल्डवर गर्दी म्हणजे नाईट. शेतं आणि वूड भरलेलं, गोल्डवर चार-पाचच माणसं, म्हणजे पाइक आणि स्कर्मिशर. एक स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार) त्याच्या गोल्डजवळून पळवत नेला तरी हे दिसतं. सोबत इमारती मोजा. एक बॅरॅक (पायदळाची इमारत) तर प्रत्येकाकडे असतेच, तिला काही अर्थ नाही. दुसरी बॅरॅक दिसली की तो पाइक भरपूर काढणार हे समजा. आणि समोरच्याच्या युनिटवर क्लिक करायला शिका. त्याचा मार आणि चिलखत किती वाढलंय ते खाली दिसतं. बिनअपग्रेडचे सहा पाइक आणि पूर्ण अपग्रेडचे सहा पाइक यांना एकच उत्तर नसतं.

भाच्याचा एक गेम सविस्तर सांगतो, कारण त्यात हे सगळं एका जागी आलंय. अरेबिया नकाशा, भाच्याची सिव्हिलायझेशन (गेममधलं राज्य) फ्रँक्स, निपाणीच्या दोस्ताची बायझंटाइन. बाविसाव्या मिनिटाला भाच्याकडे चौदा नाईट. दोस्ताच्या लाकूडतोड्यांत घुसून सात व्हिलेजर मारले, बाकीचे टाउन सेंटरमध्ये (व्हिलेजर निघतात त्या मुख्य इमारतीत) पळाले. उत्तम चाललं होतं. चोविसाव्या मिनिटाला चार पाइक दिसले. व्हॉइसवर लगेच:

“मामा, पाइक काढायलाय तो. आर्चरवर जातो.”

“किती आहेत?”

“चारच दिसले, खरं येतील की अजून.”

त्यानं दोन्ही स्टेबल थांबवली आणि दोन रेंज टाकल्या. नाईट घरी आणून उभे केले. आता रेकॉर्डिंगमध्ये दोस्ताची बाजू बघा. त्याच्याकडे बॅरॅक एकच होती. चार पाइकांनंतर त्यानं पाचवा काढलाच नव्हता. मेलेल्या व्हिलेजरांची भरपाई करायला सगळं फूड टाउन सेंटरमध्ये जात होतं. म्हणजे चार पाइकांनी चौदा नाईट घरी पाठवले होते. सव्विसाव्या मिनिटाला त्याच्या स्काउटला भाच्याच्या रेंज दिसल्या. त्यानं स्कर्मिशर सुरू केले. बायझंटाइनला पाइक, स्कर्मिशर आणि उंट 25 टक्के स्वस्त पडतात, त्यामुळे त्याला हे परवडणारच होतं. एकोणतिसाव्या मिनिटाला भाच्याकडे आठ क्रॉसबो होते, बॉडकिन नव्हतं, लेदर नव्हतं. समोर वीस स्कर्मिशर. नाईट पाच मिनिटांपूर्वी होते तेवढेच, चौदा.

रेकॉर्डिंग बघताना मी त्याला चोविसाव्या मिनिटावर थांबवायला सांगितलं आणि विचारलं, “हे चार पाइक कुठं उभे आहेत?” वूडवर उभे होते. “मग गोल्डवर कोण आहे?” कुणीच नव्हतं. शेतांवरही कुणी नव्हतं. नाईट पाइकपेक्षा बराच वेगानं पळतो. चार पाइक तीन जागा राखू शकत नाहीत, दहा पाइकही राखू शकत नाहीत. चोविसाव्या मिनिटाला बदलायची गरजच नव्हती. नाईटचे दोन गट करून गोल्डवर आणि शेतांवर जायचं होतं. बदल तेव्हा करायचा जेव्हा नाईट कुठंही गेले तरी घेऊन येतात त्यापेक्षा जास्त गमावतात. एका रेडमध्ये चार नाईट देऊन दोन व्हिलेजर मिळाले, पुढच्या रेडमध्ये पुन्हा तसंच, तर त्या युनिटचं त्या गेममधलं काम झालं. माझ्या मते हीच सगळ्यात भरवशाची खूण आहे, कारण ती समोरच्याकडे किती पाइक आहेत यावर ठरत नाही, तुम्हाला काय मिळतंय यावर ठरते.

आणि फ्रँक्सनं क्रॉसबोवर जाणं हेही तितकंसं बरोबर नव्हतं. फ्रँक्सना अर्बालेस्ट (क्रॉसबोच्या पुढचा टप्पा) मिळत नाही, थंब रिंग (बाण लवकर सोडायचं अपग्रेड) मिळत नाही. आर्चरचा रस्ता पुढं बंदच होतो. त्यांच्याकडे थ्रोइंग ॲक्समन आहे, 55 फूड आणि 25 गोल्डचा, किल्ल्यातून निघतो, लांबून कुऱ्हाड फेकतो. त्या कुऱ्हाडीला फोर्जिंग आणि आयर्न कास्टिंग लागू पडतं, जे भाच्यानं नाईटसाठी आधीच घेतलं होतं. फ्रँक्सना किल्लाही इतरांपेक्षा स्वस्त. म्हणजे चोविसाव्या मिनिटापासून चार-पाच व्हिलेजर दगडावर घालून, नाईटची रेड चालू ठेवून, पाइक खरोखर वाढेपर्यंत किल्ला उभा करता आला असता. आपली सिव्हिलायझेशन कुठल्या बदलाला स्वस्त आहे हे गेम सुरू व्हायच्या आधी, लोडिंगच्या पडद्यावरच ठरवून ठेवा. ऐन लढाईत टेक ट्री (कुणाला काय मिळतं तो तक्ता) उघडायला सवड मिळत नाही.

कारखान्यात एका जॉबवरून दुसऱ्यावर जायचं असतं तेव्हा मशीन चालू असतानाच नवं फिक्श्चर, टूल आणि प्रोग्रॅम बाजूला तयार ठेवतात. मशीन थांबतं ते प्रत्यक्ष बदलायला लागेल तेवढंच. आधी मशीन बंद करून मग फिक्श्चर शोधत फिरलं तर अर्धी शिफ्ट गेलीच. सैन्य बदलताना क्रम नेमका असाच ठेवा. जुनं युनिट निघत असतानाच नव्याची तयारी सुरू होते, आणि ती व्हिलेजरांपासून सुरू होते.

नाईटवाल्याचे व्हिलेजर शेतात आणि गोल्डवर असतात. क्रॉसबोला वूड आणि गोल्ड लागतं. इथं बरेच जण शेतातली माणसं उचलून लाकडावर पाठवतात. तसं करू नका. प्रत्येक शेतात 60 वूड घातलेलं असतं, आणि अपग्रेडसाठी तेच फूड पुढच्या मिनिटाला लागणार असतं. जुन्या माणसांना हात न लावता टाउन सेंटरचा रॅली पॉइंट (नवीन माणसं आपोआप जातात ती जागा) लाकडावर न्या. एक व्हिलेजर 25 सेकंदांत निघतो. तीन टाउन सेंटर चालू असतील तर दोन मिनिटांत चौदा नवीन माणसं लाकडावर लागतात, कुणालाही न हलवता. मग पहिली रेंज. ती उभी राहत असताना ब्लॅकस्मिथमध्ये फ्लेचिंग. रेंज उभी राहिली की क्रॉसबोचं अपग्रेड, सोबत पहिले आर्चर. दुसरी रेंज, बॉडकिन. एवढं झालं की मग एक स्टेबल थांबवा, दुसरं अजून चालू ठेवा. दोन्ही स्टेबल एकदम थांबवली तर मधले दोन मिनिटं तुम्ही काहीच काढत नाही, आणि रेकॉर्डिंगमध्ये हरलेल्या गेमांत हा रिकामा पट्टा मला कायम दिसतो.

जुन्या सैन्याला मरायला पाठवू नका. ‘आता नाईट चालत नाहीत, संपवून टाकतो’ म्हणून आठ नाईट पाइकांवर सोडणारे लोक मी बघितलेत. ते आठ नाईट जिवंत आहेत तोवर समोरच्याला पाइक ठेवावेच लागतात, आणि नव्या क्रॉसबोंवर धावून येणाऱ्या स्कर्मिशरांना हेच नाईट मारतात. बदल पूर्ण झाल्यावर तुमच्याकडे दोन प्रकारचं सैन्य असतं आणि समोरच्याला दोन उत्तरं द्यावी लागतात.

बदलू नये अशा वेळा आता थोडक्यात. लढाई चढाखाली हरलात तर युनिटचा दोष नाही. उंचावरून मारणाऱ्याला 25 टक्के जास्त मार मिळतो. टाउन सेंटर किंवा किल्ल्याच्या बाणांखाली हरलात तरीही तेच. ब्लॅकस्मिथमध्ये तुम्ही एका अपग्रेडनं मागं असाल तर नवीन इमारतीच्या आधी ते अपग्रेड घ्या, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. आणि आर्चर बारा-पंधरावर असताना कधीही सोडू नका. आर्चरची ताकद संख्येनं वाढते. पंचवीस क्रॉसबो एकाच वेळी एका नाईटवर बाण सोडतात तेव्हा तो जवळ यायच्या आत पडतो. बारा असताना तो जवळ येतो. बारावर कंटाळून नाईटकडे वळणारा माणूस सगळा खर्च करून फायद्याच्या दारातून परत फिरतो. याला अपवाद मँगोनेल, म्हणजे दगड फेकणारं यंत्र. समोर सीज वर्कशॉप (अशी यंत्रं काढायची इमारत) दिसली आणि तुमच्याकडे फक्त आर्चर आहेत, तर वाट बघू नका. एक दगड नीट बसला की अर्धा गट जातो. अशा वेळी संपूर्ण बदल नको, एक स्टेबल टाकून चार-पाच नाईट पुरतात. फक्त मँगोनेल मारणं एवढंच त्यांचं काम.

बदलाला सगळ्यात सोयीची वेळ म्हणजे एज बदलताना. इम्पिरियलला, म्हणजे शेवटच्या एजला, 1000 फूड आणि 800 गोल्ड भरून क्लिक केलं की 190 सेकंद हातात असतात. या तीन मिनिटांत ठरवा की पुढं नाईटवरच राहायचं का. नाईटचं पुढचं अपग्रेड कॅव्हलियर 300 फूड, 300 गोल्ड आणि 100 सेकंद. त्याच्यानंतर पॅलाडिन 1300 फूड, 750 गोल्ड आणि 170 सेकंद. समोरच्याकडे पाइक असतील तर त्याला पाइकच्या पुढच्या अपग्रेडसाठी, म्हणजे हॅल्बर्डियरसाठी 300 फूड, 600 गोल्ड आणि फक्त 50 सेकंद लागतात. तुमचे पॅलाडिन साडेचार मिनिटांनी तयार होणार, त्याचे हॅल्बर्डियर एका मिनिटाच्या आत. त्याच्याकडे पाइकांचा मोठा जमाव असेल तर पॅलाडिनच्या वाटेला जाऊच नका.

भाच्याला द्रविडियन आवडतात, दक्षिणेतले म्हणून. 2022 मध्ये डायनेस्टीज ऑफ इंडिया या गेमच्या जोडभागात बंगाली आणि गुर्जरांसोबत ते आले. त्यांच्याकडे नाईट नाहीत, त्यामुळे नाईटवर जायचा प्रश्नच येत नाही. पण प्रत्येक एज बदलताच त्यांना 200 वूड मिळतं. म्हणजे 175 वूडची नवीन रेंज किंवा बॅरॅक जवळजवळ फुकट. त्यांचे स्कर्मिशरही 25 टक्के जास्त वेगानं मारतात. म्हणून द्रविडियन घेतले की बदलाचा निर्णय मी एज बदलायच्या क्षणाला बांधून टाकतो. कॅसलला पोचताच ते लाकूड कशात घालायचं हे आधीच्या फ्युडल एजमध्येच ठरलेलं असतं.

शेवटच्या टप्प्यात, 200 लोकसंख्या भरलेली असताना, बदलाचा हिशेबच वेगळा होतो. आता रिसोर्स पडून असतात, जागा नसते. जुनं युनिट मेल्याशिवाय नवं निघत नाही. म्हणून बदल लढाईच्या आधी तयार ठेवायचा: नव्या प्रकारच्या सात-आठ इमारती उभ्या, अपग्रेड पूर्ण, प्रत्येक इमारतीत युनिट रांगेत, रॅली पॉइंट पुढं. मग लढाई करा. तुमचे पॅलाडिन पडतील तसतसे त्याच जागी आर्चर किंवा पायदळ निघत राहील, आणि समोरच्याचे हॅल्बर्डियर चुकीच्या सैन्यासमोर उभे राहतील. गोकाकचा दोस्त हे आमच्यात सगळ्यात छान करतो. त्याच्या पहिल्या लाटेला उत्तर देऊन होत नाही तोवर दुसरी येते, आणि दुसऱ्या लाटेत पहिल्यातलं काहीच नसतं.

आणि गोल्ड. नकाशावरचं गोल्ड संपतं तेव्हा हाती राहतात फक्त पाइकवाले, स्कर्मिशर आणि लाइट कॅव्हलरी-हुसार, कारण यांनाच गोल्ड लागत नाही. पण त्यांच्या अपग्रेडला लागतं. हॅल्बर्डियरचे 600 गोल्ड वर आलेच, हुसारचे आणखी 600 आणि सोबत 500 फूड. म्हणून खाणीत शेवटचे दोन-तीन ढीग उरले असताना, वर जवळ हजारभर गोल्ड असताना, ही अपग्रेड घेऊन टाका. प्रत्येक ढिगात 800 गोल्ड असतं, त्यावर क्लिक केलं की किती उरलंय ते दिसतं. ढीग संपल्यावर मार्केटमध्ये फूड आणि वूड विकून गोल्ड मिळतं खरं, पण प्रत्येक विक्रीला भाव उतरत जातो, आणि तेव्हा समोरचाही तिथंच विकत असतो.